कादंबरीकाराचा संसार आणि त्याच्या आठवणी

प्रीतीच्या कथा लिहिणाऱ्या लेखकाबद्दल वाचकांच्या मनांत एक विशेष कुतूहल असतें. ऐतिहासिक कादंबरी लिहिणारा स्वतः कधीं लढाईवर गेला होता काय, असें कोणी विचारीत नाहीं. रहस्यकथा लिहिणाऱ्याच्या घरीं चोरी झाली होती काय, अशीहि चौकशी होत नाहीं. परंतु ज्यानें नायक-नायिकांचीं मनें जुळविलीं, त्यांचे रुसवे काढले आणि शेवटच्या प्रकरणांत त्यांचे हात एकमेकांच्या हातांत दिले, त्याच्या स्वतःच्या घरांत मात्र प्रत्येक वाचकाला डोकावून पाहावेंसें वाटतें. मराठींत हें कुतूहल ज्यांच्या वाट्याला भरपूर आलें, ते लेखक म्हणजे प्रा. नारायण सीताराम फडके.

या कुतूहलाला फडके यांनीं स्वतःच उत्तर देऊन ठेवलें आहे. १९६९ सालीं त्यांनीं आपलें आत्मचरित्र प्रसिद्ध केलें आणि त्याला नांव दिलें 'माझं जीवन : एक कादंबरी'. हें नांव वाचतांच एक प्रश्न उभा राहतो. जीवन जर कादंबरी असेल, तर त्यांतील आठवणी कितपत आठवणी समजावयाच्या आणि कितपत कथानक? आजच्या भाषणाचा विषय हाच आहे. फडके यांची निंदा करणें किंवा त्यांची आरती ओवाळणें हा येथें हेतु नाहीं. ज्या लेखकानें अर्धशतकाहून अधिक काळ मराठी घरांतील तरुण मनांशीं संभाषण केलें, त्याच्या खाजगी आयुष्याकडे सभ्य वाचकानें कोणत्या दृष्टीनें पाहावें, एवढाच विचार करावयाचा आहे.

प्रथम त्यांच्या जीवनाची रूपरेषा पाहूं. फडके यांचा जन्म ४ ऑगस्ट १८९४ रोजीं अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांतील कर्जत येथें झाला. 'केरळकोकिळ' मासिकांत १९१२ सालीं त्यांची 'मेणाचा ठसा' ही पहिली कथा प्रसिद्ध झाली, तेव्हां त्यांचें वय अठराच्या घरांत होतें. पहिली कादंबरी 'अल्ला हो अकबर' १९१७ सालची. तिचें बीज मेरी कोरेली या इंग्रज लेखिकेच्या एका कादंबरींत होतें. या कोरेलीबाईंना समीक्षकांनीं नाकें मुरडलीं, पण त्यांचीं पुस्तकें मात्र घरोघर वाचलीं गेलीं. पुढें फडके यांच्या वाट्याला जें यश आणि जी टीका आली, तिची जात साधारण हीच होती.

पुण्यांत प्राध्यापकी सुरू करून, मध्यंतरीं कांहीं गांवें हिंडून, १९२६ च्या सुमारास ते कोल्हापुरास राजाराम कॉलेजांत आले आणि तेथें दीर्घकाळ राहिले. शिकविण्याचे विषय तर्कशास्त्र व तत्त्वज्ञान यांसारखे रुक्ष, आणि लिहिण्याचा विषय प्रीति! १९२५ सालच्या 'कुलाब्याची दांडी' या कादंबरीनें त्यांचें नांव सर्वतोमुखीं झालें. मग 'जादूगार', 'दौलत', 'अटकेपार' अशी रांगच लागली. कादंबऱ्यांची संख्या सत्तराच्या वर गेली. १९४० सालीं रत्नागिरीच्या साहित्य संमेलनाचें अध्यक्षपद आणि १९६२ सालीं पद्मभूषण हे सन्मान त्यांना मिळाले. २२ ऑक्टोबर १९७८ रोजीं त्यांचें निधन झालें.

आतां त्या कादंबऱ्या ज्या घरांत वाचल्या गेल्या, त्या घरांकडे पाहूं. कारण लेखकाचें खाजगी आयुष्य हा लोकांच्या चर्चेचा विषय कां झाला, याचें कारण तेथेंच सांपडतें. बालविवाहास प्रतिबंध करणारा शारदा कायदा १९२९ सालीं संमत झाला. त्यानें मुलीच्या लग्नाची मर्यादा चौदा वर्षें आणि मुलाची अठरा वर्षें ठरविली. एवढी मर्यादासुद्धां त्या काळच्या पुष्कळ वडील मंडळींना धर्मावरील आघात वाटली. पुढें १९७८ सालीं ही मर्यादा मुलीला अठरा आणि मुलाला एकवीस अशी झाली. 'दौलत' ही कादंबरी शारदा कायद्याच्याच वर्षीं निघाली, हें ध्यानांत घेतलें म्हणजे तिच्या नायक-नायिकांचें नवल कळतें. जेथें वधूवरांनीं एकमेकांचा चेहरा अंतरपाट दूर झाल्यावर पाहावयाचा, तेथें कॉलेजांत शिकणारी, मोकळेपणानें बोलणारी, स्वतःची निवड स्वतः करणारी मुलगी पुस्तकाच्या पानांतून चालत आली.

म्हणून घरांतील वडील मंडळी बिथरलीं. फडके यांची कादंबरी उशीखालीं लपवून किंवा भूगोलाच्या पुस्तकांत दडवून वाचावयाची वस्तु ठरली. विशेष हें, कीं मुलाच्या हातून जप्त केलेलें पुस्तक रात्रीं वडीलच वाचीत बसत आणि दुपारीं तेंच आईच्या हातीं दिसे! मुलांना तीं पुस्तकें देऊं नयेत, असें म्हणणाऱ्यांचीं कारणें अगदींच पोकळ नव्हतीं. त्या कादंबऱ्यांत पैशाची ओढाताण थोडी, आजारपण सोयीपुरतें आणि योगायोग मात्र मुबलक. संसार म्हणजे काय याचें ज्ञान त्यांतून होण्यासारखें नव्हतें. परंतु दुसऱ्या माणसाच्या मनाचा विचार करावा, त्याची संमति विचारावी, स्त्री नाहीं म्हणूं शकते आणि तिचें नाहीं मानावें लागतें, एवढें तरी शिक्षण त्यांतून मिळे. तें शिक्षण त्या काळीं कोणत्याहि क्रमिक पुस्तकांत नव्हतें.

मराठवाड्यांत या वाचनाला आणखी एक अर्थ होता. औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, उत्तरेस तलावाकाठीं वसलेलें हर्सूल हें गांव घ्या. आज तें शहरांत सामावून गेलें आहे. १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. १९१८ सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचें माध्यम उर्दू होतें आणि सरकारी शाळांतील वरचे वर्गहि उर्दूंतच चालत. ज्या मुलाचें गणित उर्दूंत, इतिहास उर्दूंत आणि अर्ज-विनंत्याहि उर्दूंत, त्याला मराठी गद्याची गोडी लागावयाची ती घरांतील पोथीनें किंवा पुण्या-मुंबईहून आलेल्या कादंबरीनें. फडके यांचें वाक्य सोपें, घोटीव आणि बोलतें होतें. हर्सूलसारख्या गांवच्या वाचकाला त्यांच्या कादंबरींत नायिकेच्या आधीं भाषा भेटत असे. प्रीतिकथेनें भाषेची शाळा चालविली, ही गोष्ट फडके यांच्या टीकाकारांनींहि मान्य करावयास हरकत नाहीं.

अशा लेखकाची एक बाजू वाचकांच्या ध्यानांत सहसा राहत नाहीं. प्रीतीची कादंबरी विवाहाशीं येऊन थांबते, पण फडके यांचा विचार तेथें थांबला नव्हता. १९२७ सालीं त्यांनीं हिंदुस्थानांतील लैंगिक प्रश्नावर इंग्रजींत एक ग्रंथ लिहिला आणि त्याला अमेरिकेंतील संततिनियमनाच्या पुरस्कर्त्या मार्गारेट सँगर यांची प्रस्तावना लाभली. संततिनियमन हा शब्द उच्चारणेंहि त्या काळीं धाडसाचें होतें. र. धों. कर्वे यांनीं १९२१ सालीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र काढलें, त्यापायीं त्यांना आपल्या प्राध्यापकीस मुकावें लागलें आणि १९२७ सालीं सुरू केलेल्या 'समाजस्वास्थ्य' मासिकासाठीं पुढें कोर्टाच्या पायऱ्याहि चढाव्या लागल्या. कादंबरींत चांदणें पसरणारा लेखक संसारांतील अंधाऱ्या खोलीचीहि चर्चा करूं शकत होता, म्हणजे वारंवार येणाऱ्या बाळंतपणांनीं झिजून जाणाऱ्या स्त्रीच्या देहाची. हें न सांगतां फडके यांना केवळ चंद्र-चांदण्यांचा लेखक म्हणणें अन्यायाचें होईल.

खाजगी गोष्ट चारचौघांत कशी सांगावी, याची एक नवी रीतहि फडके यांनींच मराठींत रूढ केली. १९३३ सालीं त्यांच्या 'गुजगोष्टी' प्रसिद्ध झाल्या आणि लघुनिबंध या प्रकाराला घरोघर वाचक मिळाले. स्वतःच्या लहानसहान आवडीनिवडी, घरांतील क्षुल्लक प्रसंग, मनाचे लहरी खेळ, हे विषय छापण्याजोगे आहेत असें तोंपर्यंत कोणाला फारसें वाटलें नव्हतें. लेखक वाचकाच्या खांद्यावर हात ठेवून बोलूं लागला. त्याचा परिणाम असा झाला, कीं वाचकालाहि लेखकावर हक्क वाटूं लागला. ज्यानें आपल्या घरचा चहा कसा लागतो हें सांगितलें, त्यानें आपल्या घरचें दुःखहि सांगावें, अशी अपेक्षा निर्माण झाली.

ही अपेक्षा १९४२ सालीं कसोटीला लागली. त्या वर्षीं फडके यांनीं कमला दीक्षित यांच्याशीं विवाह केला. फडके त्या वेळीं पन्नाशीच्या उंबरठ्यावर होते. हा त्यांचा दुसरा विवाह. कमलाबाई वयानें त्यांच्याहून बऱ्याच लहान होत्या, सुशिक्षित होत्या आणि पुढें स्वतःच्या हक्कानें कादंबरीकार झाल्या. या विवाहानें महाराष्ट्रांतील मध्यमवर्गांत खळबळ उडाली. कित्येकांना तो फडके यांच्या कादंबऱ्यांचा स्वाभाविक शेवट वाटला. कित्येकांना त्या कादंबऱ्यांचा खोटेपणा सिद्ध झाल्याचा आनंद झाला. जो तो आपापल्या मताला पुरावा मिळाला असें समजला.

येथें थोडें थांबून विचार करणें अवश्य आहे. लेखकानें पुस्तकांत जें लिहिलें त्याप्रमाणें त्यानें वागलेंच पाहिजे काय? तसा नियम केला तर वाङ्मयाचीं कपाटें निम्मीं रिकामीं होतील. त्याच्या उलट, लेखकानें काय केलें याच्याशीं वाचकाला कांहीं कर्तव्यच नाहीं, असें म्हणणेंहि सोपें नाहीं. 'कलेकरितां कला' हा पक्ष फडके यांनीं हिरिरीनें मांडला. कलेला बोधाचें ओझें नको, तिचें काम आनंद देण्याचें, असें त्यांचें म्हणणें. परंतु ज्या तरुण-तरुणींनीं त्यांच्या कादंबऱ्यांतून प्रेमाची कल्पना घेतली, त्यांना तो बोधच वाटला. मन ओढ घेईल तिकडे जावें, असा धडा ज्यानें त्यांतून घेतला, त्याच्या मागें उभ्या असलेल्या माणसांचें काय, हा प्रश्न कादंबरींत सुटतो. तेथें लेखक त्या माणसांना दुसऱ्या गांवीं पाठवूं शकतो किंवा त्यांना उदार मनाचीं करूं शकतो. घरांत असें करतां येत नाहीं. पहिला संसार ज्यांनीं वाहिला, त्यांची बाजू लोकांच्या चर्चेंत नीटशी ऐकूं आली नाहीं. टीकाकारांनीं फडके यांच्यावर लिहिलें, चाहत्यांनीं फडके यांच्यावर लिहिलें; दोन्हीकडे नायक एकच राहिला.

आत्मचरित्राच्या नांवाचा विचार याच जागीं करावयास हवा. फडके हे तंत्राचे मोठे अभ्यासक. कथानकाचा आरंभ आकर्षक असावा, मध्यें गुंतागुंत वाढावी, उत्कंठा शिगेला पोंचावी आणि शेवटीं गांठ सुटावी, हें शास्त्र त्यांनीं 'प्रतिभासाधन' या ग्रंथांत १९३१ सालींच मांडलें होतें. ज्याचा हात आयुष्यभर या वळणानें चालला, तो स्वतःच्या आठवणी लिहावयास बसला, तर त्या आठवणीहि त्याच वळणानें येणार. यांत लबाडी आहे असें मुळींच नाहीं. सोनाराला सोनें दिसलें, कीं दागिना सुचतोच. पण आयुष्य हें कादंबरीसारखें रचलेलें नसतें. त्यांत पुष्कळ दिवस असे असतात, कीं ज्यांत कांहींच घडत नाहीं. धुणें वाळत असतें, वाण्याचें बिल यावयाचें असतें, मूल तापानें फणफणलेलें असतें. असे दिवस कादंबरींत गाळावे लागतात, आणि नेमके तेच दिवस घरांतील दुसऱ्या कोणी तरी पार पाडलेले असतात.

याच कोल्हापुरांत दुसरे एक कादंबरीकार राहत होते. विष्णु सखाराम खांडेकर हे १९२० पासून कोंकणांत शिरोड्याच्या शाळेंत शिक्षक होते आणि १९३८ नंतर कोल्हापुरास येऊन राहिले. 'जीवनाकरितां कला' हा पक्ष त्यांचा. फडके आणि खांडेकर यांच्या या वादानें मराठी वाचकांच्या दोन पिढ्यांना बोलावयास विषय पुरविला. खांडेकर १९७६ सालीं वारले; त्यांच्या मागून १९८१ सालीं त्यांचें आत्मकथन निघालें, 'एका पानाची कहाणी'. एकानें आपल्या आयुष्याला कादंबरी म्हटलें, दुसऱ्यानें स्वतःला झाडावरचें एक पान म्हटलें. कादंबरीचा लेखक सूत्रें हातीं धरून असतो. पान वाऱ्याच्या स्वाधीन असतें. दोघांच्या स्वभावांतील अंतर या दोन नांवांतच दिसून येतें. तरीहि एक सावधगिरी दोन्हीकडे बाळगावी लागते. नम्रता हीहि एक रचनाच असूं शकते. वाचकानें नांवावर न भुलतां आंत काय सांगितलें आहे आणि काय गाळलें आहे, हें पाहावें.

आठवणींच्या बाबतींत मराठींत एक भाग्याची गोष्ट अशी, कीं घरांतील दुसरी बाजू सांगणारीं पुस्तकेंहि आपल्याकडे लवकर झालीं. रमाबाई रानडे यांनीं १९१० सालीं न्यायमूर्तींच्या सहवासाच्या आठवणी लिहिल्या. लक्ष्मीबाई टिळकांचीं 'स्मृतिचित्रें' १९३४ पासून भागाभागानें निघालीं. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे मोठे कवि, पण त्यांच्याबरोबर संसार करणें म्हणजे काय, हें त्यांच्या कवितेवरून कोणाला कळलें असतें? तें लक्ष्मीबाईंनीं सांगितलें. त्यांत राग आहे, हंसें आहे, उपासमार आहे आणि अपार माया आहे. नवऱ्याचें मोठेपण त्यांनीं लपविलें नाहीं आणि आपले हालहि लपविले नाहींत. फारसें शिक्षण न झालेल्या एका बाईनें लिहिलेलें हें पुस्तक मराठी गद्याचें भूषण ठरलें. त्यांत कथानक रचलेलें नाहीं, आणि तरीहि तें वाचतांना खालीं ठेववत नाहीं.

तेव्हां प्रीतिकथा लिहिणाऱ्याच्या खाजगी जीवनाकडे पाहतांना तीन गोष्टी ध्यानीं धराव्या. पहिली ही, कीं त्याचें पुस्तक हें त्याच्या चारित्र्याचें प्रमाणपत्र नव्हे आणि आरोपपत्रहि नव्हे. फडके यांनीं मराठी वाक्याला दिलेली सफाई त्यांच्या संसारांतील कोणत्याहि घटनेनें कमी होत नाहीं. दुसरी ही, कीं लेखकानें स्वतः सांगितलेल्या आठवणी आदरानें वाचाव्या, परंतु त्या एका साक्षीदाराच्या आहेत हें विसरूं नये. शाळेंतील लहानशा भांडणाचा निवाडा करतांनाहि शिक्षक दोन्ही मुलांना बोलावतो. मग आयुष्यभराच्या गोष्टींत एकाच तोंडाची हकीकत पुरेशी कशी मानावी? तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची ही, कीं ज्यांनीं कांहीं लिहिलें नाहीं, त्यांनीं कांहीं सोसलें नाहीं असें समजूं नये.

यांतील तिसरी गोष्ट केवळ प्रसिद्ध लेखकांच्या घरांपुरती नाहीं. आपल्यापैकीं अनेकांच्या घरांत माळ्यावर एखादी जुनी पेटी असेल. तींत एखादी कव्हर निघालेली फडके यांची कादंबरी असेल, पहिल्या पानावर शाईनें लिहिलेलें कोणा स्त्रीचें नांव असेल, मध्यें खुणेसाठीं घातलेला कागद असेल. ती कादंबरी कोणी वाचली, कोणापासून लपवून वाचली, वाचतांना तिला काय वाटलें आणि प्रत्यक्षांत तिच्या वाट्याला कसा संसार आला, हें सांगणारें माणूस घरांत अजून असेल, तर त्याला आजच विचारावें. आजीला, आत्याला, मोठ्या काकूंना कोणी असें विचारीत नाहीं. विचारलें, तर प्रथम त्या म्हणतात, आमचें काय सांगण्यासारखें आहे! थोडा धीर धरून बसलें, म्हणजे मग सांगूं लागतात. त्या सांगतील त्यांत आरंभ आणि शेवट नीट जुळणार नाहीं, सालें चुकतील, एकच प्रसंग दोनदां येईल. तो तसाच लिहून घ्यावा. त्याला कथानकाचें वळण देण्याची घाई करूं नये.

फडके यांच्या कादंबऱ्या आतां पूर्वीसारख्या हातोहात फिरत नाहींत. परंतु त्यांनीं एका पिढीला प्रेम या शब्दाचा उच्चार घरांत करावयास शिकविलें, एवढें ऋण मान्य केलें पाहिजे. तो शब्द प्रत्यक्ष जगतांना काय किंमत पडली, याचा हिशेब मात्र त्या त्या घरानें स्वतः मांडावयाचा आहे, आणि तो मांडणारीं माणसें आहेत तोंवरच मांडावयाचा आहे.